स्पीकरचा आवाज बसला तर?

दिवाळीला पंधरा दिवस राहिले होते. ठाण्यातील एका कुटुंबात बोनसचे काय करायचे, यावर रोज रात्री जेवताना चर्चा होत होती. मुलाचे ठरले होते. टीव्हीच्या खोलीतला होम थिएटरचा रिसीव्हर बदलायचा. दहा-बारा वर्षांपूर्वी हौसेने घेतलेली ही जोडणी होती. टीव्हीच्या दोन्ही बाजूंना दोन उभे स्पीकर, मध्ये एक आडवा, सोफ्याच्या मागे दोन छोटे आणि कोपऱ्यात सबवूफर. गेल्या काही महिन्यांत समोरचा डावा स्पीकर पार क्षीण झाला होता. उजवाही पूर्वीसारखा भरदार वाटेना. संवाद ऐकू यावेत म्हणून आवाज वाढवला, की मागच्या स्पीकरमधून पाऊस, मोटारी आणि मारामारी अंगावर येई आणि गाणे सुरू झाले, की शेजारच्या काकूंची बेल वाजे. सत्तरी ओलांडलेल्या आईंनी तर घरात सिनेमा पाहणेच सोडले होते. "काय बोलतात ते कळत नाही रे, नुसता गलका," असे म्हणून त्या आतल्या खोलीत जपमाळ घेऊन बसत.

दुकानदाराने फोनवरच निदान करून टाकले होते, "साहेब, तुमचा रिसीव्हर जुना झाला. त्याच्यात आता दम नाही. शंभर वॅटचा नवीन घेऊन टाका." म्हणजे तीस-चाळीस हजारांना सहज कात्री. मुलाची तयारीही होती. पण सूनबाईंनी एक साधा प्रश्न विचारला, "दोन्ही स्पीकर एकाच रिसीव्हरला जोडले आहेत ना? मग एकटा डावाच का बसला?"

हा प्रश्न बहुतेक घरांत कोणी विचारत नाही. आवाज कमी झाला की यंत्र जुने झाले, असे आपण धरून चालतो. स्वयंपाकघरातल्या नळाला पाणी कमी आले, तर लगेच कोणी गच्चीवरची टाकी बदलत नाही. आधी नळाची जाळी पाहतात, मग पाइप, मग वरचा कॉक. आवाजाचाही असाच एक मार्ग असतो. सेट-टॉप बॉक्स किंवा टीव्ही, तिथून रिसीव्हरपर्यंतची केबल, रिसीव्हर, त्याच्या मागची वायर, स्पीकर आणि शेवटी खोली. या वाटेवर तो नेमका कुठे अडकला आहे, हे घरच्या घरी, एक पैसाही खर्च न करता बरेचसे शोधता येते.

आधी अदलाबदल

सर्वांत उपयोगी परीक्षा अदलाबदलीची. रिसीव्हर बंद करावा, भिंतीवरचा प्लगही काढावा. मग त्याच्या मागची डाव्या स्पीकरची वायर उजव्याच्या जागी आणि उजव्याची डाव्याच्या जागी लावावी. लाल टोकाची तार लालला आणि काळीची काळ्याला, एवढे मात्र कटाक्षाने पाळावे. पुन्हा सुरू करून तेच गाणे, तेवढ्याच आवाजात लावावे. आता डावा स्पीकर खणखणीत वाजू लागला आणि उजवा क्षीण झाला, तर स्पीकर व त्याची वायर निर्दोष आहेत. दोष रिसीव्हरमध्ये किंवा त्याच्याही अलीकडे आहे. अदलाबदल करूनही डावाच क्षीण राहिला, तर मात्र रिसीव्हरवर विनाकारण आळ येत होता असे समजावे. दोष वायरमध्ये किंवा स्पीकरमध्येच.

दुसरी परीक्षा रिसीव्हरच्या पोटातच असते. बहुतेक रिसीव्हरच्या मेनूत 'टेस्ट टोन' नावाची सोय असते. ती सुरू केली की एकेका स्पीकरमधून पाळीपाळीने 'खस्स्' असा एकसारखा आवाज येतो. हा आवाज रिसीव्हर स्वतः तयार करतो. त्यामुळे टेस्ट टोन सगळीकडे सारखा येत असेल आणि टीव्ही लावल्यावरच एक बाजू क्षीण होत असेल, तर टीव्हीकडून येणारी केबल किंवा टीव्हीची सेटिंग पाहावी. मोबाइलवर आवाज मोजण्याची मोफत ॲप मिळतात. ती अगदी अचूक नसतात, पण एका स्पीकरची दुसऱ्याशी तुलना करायला पुरेशी असतात.

दोष वायरकडे बोट दाखवत असेल, तर तिची दोन्ही टोके पाहावीत. मुंबई, कोकण, गोवा, चेन्नई यांसारख्या खाऱ्या, दमट हवेच्या ठिकाणी उघड्या तांब्यावर काही वर्षांत काळपट-हिरवट थर चढतो. अर्धा इंच टोक कापून नवे सोलले, पीळ देऊन घट्ट बसवले, की कित्येकदा काम होते. तारेचा एकही केस शेजारच्या टोकाला टेकता कामा नये. टेकला, तर रिसीव्हर स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडतो आणि लोक समजतात तो जळाला. सोफ्याच्या पायाखाली चिरडलेली किंवा दाराच्या फटीतून नेलेली वायर आतून तुटलेली असते. वरून प्लॅस्टिक मात्र धडधाकट दिसते. ज्या स्पीकरना मागे दोनऐवजी चार टोके असतात, त्यांच्यात जोडीजोडीला एक पितळी पट्टी असते. झाडलोट करताना ती ढिली झाली, तर स्पीकरचा वरचा किंवा खालचा भाग मुका होतो.

स्पीकरची प्रकृती पाहायला पेन्सिल सेल पुरतो. वायर रिसीव्हरपासून सोडवून तिची दोन टोके दीड व्होल्टच्या सेलला क्षणभर टेकवावीत. 'टक्' असा आवाज आला, तर आतली कॉइल शाबूत आहे. लाल तार सेलच्या धन टोकाला असेल, तर मोठ्या स्पीकरचा शंकू बाहेरच्या बाजूला हलतो. मल्टीमीटर असल्यास आठ ओहमच्या स्पीकरला साधारण सहा ओहमच्या आसपास आकडा दिसतो. काट्याने हालचालच केली नाही, तर कॉइल तुटली. जाळी काढून शंकूभोवतीची मऊ कडही पाहावी. ती फोमची असेल, तर आपल्या हवेत दहा-पंधरा वर्षांत तिचे पीठ होते आणि आवाज पोकळ, फाटका येऊ लागतो. एवढ्यासाठी स्पीकर भंगारात घालू नये, ती कड बदलून मिळते. मुंबईतील लॅमिंग्टन रोड, पुण्यातील तपकीर गल्ली, दिल्लीतील लाजपतराय मार्केट, बंगळूरमधील एस. पी. रोड, चेन्नईतील रिची स्ट्रीट अशा ठिकाणी चौकशी करावी.

त्या 'टक्' आवाजाचे गुपित

ठाण्याच्या घरी अदलाबदल केल्यावर दोष उजवीकडे सरकला. म्हणजे स्पीकर ठीक, रिसीव्हरच संशयित. मुलगा म्हणाला, "पाहिलंस? दुकानदार बरोबर होता." पण आणखी एक गोष्ट सर्वांच्या लक्षात आली. आवाज एकदम मोठा केला, की क्षीण बाजू अचानक जागी होई आणि नंतर आवाज कमी केला, तरी तासभर चांगली चाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच रुसवा.

हे लक्षण जुन्या रिसीव्हरमध्ये वारंवार आढळते. रिसीव्हर सुरू केल्यावर चार-पाच सेकंदांनी आतून जो 'टक्' आवाज येतो, तो रिले नावाच्या छोट्या स्विचचा. विजेचा सुरुवातीचा झटका स्पीकरला बसू नये, म्हणून रिसीव्हर स्वतः स्थिर झाल्यावरच हा स्विच स्पीकर जोडतो. वर्षानुवर्षांच्या उघडझापीने त्याचे संपर्कबिंदू काळवंडतात. हळू आवाजाचा अशक्त प्रवाह तो थर ओलांडू शकत नाही, मोठ्या आवाजाचा ओलांडतो. उपाय म्हणजे रिले बदलणे. सुटा भाग स्वस्त असतो, मजुरीच काय ती द्यावी लागते. मात्र हे काम मेकॅनिकचे. रिसीव्हरचे झाकण घरी उघडू नये. प्लग काढल्यानंतरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये काही काळ वीज साठून राहते आणि तिचा धक्का जबर असतो.

ज्यांच्या रिसीव्हरवर समोरच्या स्पीकरसाठी 'ए' आणि 'बी' अशी बटणे असतील, त्यांनी तीही पाहून घ्यावीत. घरातल्या लहान मुलाने 'बी' दाबून ठेवले आणि मोठ्यांनी चार दिवस मेकॅनिकची वाट पाहिली, असेही होते.

बिघाड नसलेला बिघाड

रिले बदलून आल्यावर डावा स्पीकर बोलू लागला. पण भरदारपणा येईना. तेव्हा आठवले, की गेल्या वर्षी घराला रंग काढताना सर्व वायरी सोडवल्या होत्या आणि रंगाऱ्याच्या माणसानेच त्या परत लावल्या होत्या. पाहतात तो काय, उजव्या स्पीकरमागे लाल आणि काळी तार उलटी! अशा वेळी एक शंकू बाहेर येतो, तेव्हा दुसरा आत जातो. दोघे मिळून हवा ढकलण्याऐवजी एकमेकांचे काम रद्द करतात. ढोलकी-तबल्याचा खालचा नाद नाहीसा होतो आणि गायकाचा आवाज मधोमध उभा राहण्याऐवजी खोलीभर पसरतो. ओळखण्याची खूण सोपी आहे. रिसीव्हर फक्त दोन स्पीकरच्या स्टीरिओवर ठेवून बातम्या लावाव्यात आणि मधोमध बसावे. निवेदकाचा आवाज टीव्हीतून आल्यासारखा वाटला, तर जोडणी बरोबर.

आता आईंच्या तक्रारीचे. पाच स्पीकरच्या सिनेमात संवाद बहुतांशी मधल्या आडव्या स्पीकरमधून येतात. समोरचे डावे-उजवे स्पीकर संगीत आणि आजूबाजूच्या आवाजांसाठी. त्यामुळे संवाद कळत नसतील, तर मधला स्पीकर आधी पाहायला हवा. या घरी तो शोकेसच्या सर्वांत खालच्या कप्प्यात, आत ढकलून ठेवला होता आणि त्याच्यापुढे एक पितळी समई होती. म्हणजे नट-नट्यांचे सर्व बोलणे आईंच्या गुडघ्यांना ऐकू जात होते. स्पीकर कप्प्याच्या अगदी कडेला आणून, पुढून थोडा उचलून त्याचे तोंड कानांच्या दिशेने केले. मेनूत त्याची पातळी तीन डेसिबलने वाढवली. दोन मिनिटांचे काम. काही घरांत मधला स्पीकर असतच नाही, पण मेनूत तो 'आहे' असे नोंदलेले असते. रिसीव्हर बिचारा सगळे संवाद इमानेइतबारे त्या नसलेल्या स्पीकरकडे पाठवत राहतो. तिथे 'नाही' अशी नोंद केली, की संवाद डाव्या-उजव्यात वाटले जातात. रात्री हळू आवाजात पाहणाऱ्यांनी 'नाइट मोड' किंवा तत्सम सोय सुरू करावी. ती धमाके दाबते आणि कुजबुज वर आणते.

हल्लीच्या रिसीव्हरबरोबर खोली मोजण्यासाठी छोटा मायक्रोफोन येतो. तो सोफ्यावर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर ठेवून मोजमाप चालवायचे असते. आपल्याकडे ते चालू असताना वर पंखा गरगरत असतो आणि आत कुकरच्या शिट्ट्या होत असतात. मग यंत्राने एखाद्या स्पीकरची पातळी भलतीच खाली आणली, तर दोष कोणाचा? पंखा बंद, दारे-खिडक्या बंद, घरच्यांना दहा मिनिटे गप्प बसवावे आणि मोजमाप पुन्हा करावे. त्यानंतर मेनूत 'स्मॉल' आणि 'लार्ज' असे शब्द दिसतील. समोरच्या स्पीकरपुढे 'स्मॉल' लिहिलेले पाहून कमीपणा मानू नये. त्याचा अर्थ एवढाच, की साधारण ८० हर्ट्झच्या खालचे जड स्वर सबवूफरकडे पाठवले आहेत. त्याने रिसीव्हरवरचा भार हलका होतो. समोरच्या स्पीकरजवळ कान नेऊन 'यात बास नाही' म्हणणाऱ्यांची तक्रार बहुधा इथे संपते.

नवा घ्यायचाच असेल, तर

एवढे करूनही नवा रिसीव्हर लागणारी घरे असतातच. जुन्याचा ॲम्प्लिफायर जळलेला असतो, त्याला एचडीएमआयची खाच नसते किंवा मोठ्या आवाजात तो तापून पुनःपुन्हा बंद पडतो. अशांनी दुकानात जाण्यापूर्वी घरी गुडघ्यावर बसून एक काम करावे. आपल्या स्पीकरच्या मागे लिहिलेले दोन आकडे कागदावर उतरवावेत, ओहम आणि सेन्सिटिव्हिटी.

दुकानात सगळे जण वॅट विचारतात. १९९०च्या दशकात टेपरेकॉर्डरवर हजार-हजार 'पीएमपीओ' वॅट छापलेले असत आणि आतून मूठभर वॅटही येत नसत. अमेरिकेत तर ॲम्प्लिफायरच्या अशा फुगवलेल्या आकड्यांना आवर घालण्यासाठी १९७४ साली नियम करावा लागला. आजही खोक्यावरचा मोठा आकडा पुष्कळदा एकच स्पीकर जोडून, एकाच स्वरावर, दहा टक्के विकृती चालवून घेऊन मोजलेला असतो. माहितीपत्रकात बारीक अक्षरांत दुसरा आकडा असतो : आठ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, दोन चॅनेल एकाच वेळी, विकृती ०.१ टक्क्याच्या आत. तोच खरा. दीडशेचा ऐंशी झालेला पाहून दचकू नये. रिसीव्हरच्या पाठीवर तो किती वीज खातो, हेही छापलेले असते. ते काटेकोर माप नसले, तरी सात गुणिले दीडशे वॅट देतो म्हणणाऱ्याचा वीजवापर चारशे वॅट असेल, तर उरलेली वीज कुठून येते, हे विक्रेत्याला जरूर विचारावे.

शिवाय वॅट दुप्पट केल्याने आवाज दुप्पट होत नाही. ५० वॅटचे १०० केले, तर फरक अवघा तीन डेसिबल. कान देऊन ऐकले तर कळेल इतकाच. कानाला दुप्पट वाटायला शक्ती सुमारे दसपट लागते. म्हणूनच सेन्सिटिव्हिटी महत्त्वाची. एक वॅट दिल्यावर एक मीटरवर ८७ डेसिबल देणाऱ्या स्पीकरला १०० वॅट लागत असतील, तर ९० डेसिबलवाल्याला तेवढ्याच आवाजासाठी ५० पुरतात. ठाण्याच्या घरी जुना रिसीव्हर ७० वॅटचा होता. दुकानदाराचा शंभर वॅटवाला आणला असता, तर वाढ दोन डेसिबलहूनही कमी झाली असती.

ओहमचा आकडा मात्र दुर्लक्षित करू नये. स्पीकर चार ओहमचे असतील, तर ते आठ ओहमवाल्यांपेक्षा दुप्पट प्रवाह ओढतात. रिसीव्हरच्या माहितीपत्रकात चार ओहम चालतात असे स्पष्ट लिहिलेले नसेल, तर तो घेऊ नये. पुढेमागे मोठे स्पीकर घ्यायचा विचार असेल, तर 'प्री-आउट'च्या खाचा असलेला पाहावा. त्यांना वेगळा ॲम्प्लिफायर जोडता येतो.

बाकी खाचांचे म्हणाल, तर टीव्हीवर 'ईएआरसी' लिहिलेली एचडीएमआयची खाच असल्यास रिसीव्हरवरही तीच असावी. २००९ मध्ये आलेली 'एआरसी' टीव्हीचा आवाज त्याच केबलमधून उलटा रिसीव्हरकडे आणते. २०१७ च्या एचडीएमआय २.१ बरोबर जाहीर झालेली 'ईएआरसी' तो न दाबता, पूर्ण आणते. छतातून आवाज देणारे डॉल्बी ॲटमॉस घरांसाठी २०१४ पासून उपलब्ध आहे. पण दहा बाय बाराच्या हॉलमध्ये, जिथे सोफा भिंतीलाच टेकलेला असतो, तिथे पाच स्पीकर नीट लावले तर पुष्कळ झाले. नऊ चॅनेलचा रिसीव्हर घेऊन चार चॅनेल रिकामे ठेवण्यापेक्षा ते पैसे मधल्या स्पीकरवर घालावेत. वायरींचा पसारा मुळीच नको असेल, तर अशा खोलीत चांगला साउंडबार घेण्यात काही गैर नाही.

दुकानात ऐकताना एक सावधगिरी बाळगावी. दोन रिसीव्हरपैकी जो किंचित मोठ्याने वाजतो, तोच कानाला चांगला वाटतो. विक्रेत्यांना हे पक्के ठाऊक असते. दोन्हींचा आवाज सारखा करायला लावावा आणि धमाक्यांच्या दृश्याऐवजी हळू बोलण्याचे एखादे दृश्य मागावे. अमेरिकेतल्या भावाकडून किंवा भाच्याकडून रिसीव्हर मागवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे, की तिथला माल बहुधा १२० व्होल्टचा असतो. इथल्या २३० व्होल्टला थेट जोडला, तर तो पहिल्याच दिवशी संपतो. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि वॉरंटी इथे चालतेच असे नाही. आपल्या गावात त्या कंपनीचे सेवाकेंद्र आहे का, हा प्रश्न विचारायला इंदूर-बडोद्यापासून नागपूर-बेळगावपर्यंतच्या कोणीही संकोच करू नये.

घरी आणलेला रिसीव्हर काचेच्या बंद शोकेसमध्ये कोंडू नये. वर निदान चार बोटे मोकळी जागा हवी, त्यावर विणलेला रुमाल आणि फुलदाणी नको. झाकणाच्या फटींतून मुंग्या आणि पालीही आत जातात, तेव्हा खालचा कप्पा कोरडा आणि स्वच्छ ठेवावा.

ठाण्याच्या घरी दिवाळीत नवा रिसीव्हर आला नाही. मेकॅनिकने दोन्ही बाजूंचे रिले बदलून दिले. समई देवघरात गेली. लक्ष्मीपूजनाच्या रात्री सगळ्यांनी मिळून एक जुना सिनेमा लावला. मध्यंतरापर्यंत आई सोफ्यावर होत्या आणि पात्रे बोलायच्या आधी त्यांचे संवाद स्वतःच म्हणून दाखवत होत्या. बोनसमधून आता स्वयंपाकघराची ओल काढून घ्यायची, असे सूनबाईंनी परस्पर जाहीर केले आहे. मुलगा अजून साउंडबारचे नाव काढतो.